वास येणं कमी झालं, तर ते स्मृतिभ्रंशाचं लक्षण समजायचं का?

नुसत्या तेवढ्यावरून नाही. सर्दी, सायनस, नाकातले पॉलिप (मऊ गाठी), कोविड, धूम्रपान, वाढतं वय, बहुतेकदा यातलंच काहीतरी निघतं. पण संबंध खरा आहे. बाकीच्या इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रातून जातात. वास मात्र जवळजवळ थेट आठवणी घडवणाऱ्या भागांपर्यंत पोहोचतो. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. त्याची पडझड साधारण तिथूनच, एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाच्या भागापासून सुरू होते. म्हणून विसरभोळेपणा दिसण्याआधीच नाक मंदावू शकतं. पार्किन्सन्समध्ये तर हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी. गंमत म्हणजे अनेकांना हे स्वतःला कळतच नाही, घरचेच सांगतात. नाक चोंदलेलं नसताना काही आठवडे वास येत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर गॅसगळती नाकाला कळणार नाही, हे लक्षात ठेवा.