मत बदललंय? आधी जुनं विधान स्वतःच समोर ठेवा

हवामानबदलाबद्दलचं मत जाहीरपणे बदलताना 'माझा गैरसमज होता' एवढ्यावर भागत नाही. आधी काय, कधी बोललात ते जसंच्या तसं समोर ठेवा. नाहीतर विरोधक ठेवतील, तेही सोयीचं तोडून.

मग नेमकी कोणती शंका फिटली ते सांगा. आधी हवामानबदलावर शंका घेणारे, अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनी 2012 मध्ये हे नीट केलं. शहरांच्या उष्णतेने आकडे फुगतात का, तापमान मोजणारी केंद्रं सोयीने निवडली का, नोंदींत फेरफार झाले का, हे एकेक करून तपासलं. 250 वर्षांत जमिनीवरचं सरासरी तापमान सुमारे 1.5 अंश सेल्सिअसने वाढलं आणि ही वाढ जवळजवळ सगळी माणसामुळे, असं लिहिलं. आकडे सगळ्यांना खुले केले. चक्रीवादळांचा दोष तापमानवाढीला देणाऱ्या दाव्यांवरची शंका मात्र राखली. तुम्हीही राखा; एका रात्रीत सगळंच पटलं म्हणालात तर कोण विश्वास ठेवणार?

पैसा कुणाचा, तेही आपणहून सांगा. म्युलर यांच्या कामाला तेलउद्योगातल्या चार्ल्स कोक यांच्या फाउंडेशनची देणगी होती. ती उघड असल्यामुळे निष्कर्षाचं वजन उलट वाढलं.

राजकारणात असाल तर घरच्याच लोकांचा फटका धरून चाला. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचे तेव्हाचे खासदार बॉब इंग्लिस रिपब्लिकन, म्हणजे कमी करांचा आग्रह धरणाऱ्या पक्षाचे; हवामानबदलाबद्दलचं मत बदलल्यावर ते 2010 मध्ये उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षांतर्गत लढतीच्या अंतिम फेरीत जेमतेम 29 टक्क्यांवर आले. हवामान हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. भाषा मात्र त्यांनी आपल्या मतदाराचीच ठेवली होती: कार्बनवर कर लावा आणि तेवढाच पगारावरचा कर कमी करा.