डॅन्यूबच्या काठाने सायकल सफर : कोणत्या पैशांतून आणि केव्हा?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील माहितीनुसार आपण अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहात, पुढील वर्षी 31 मे रोजी निवृत्त होणार आहात आणि आपणास जुन्या योजनेचे निवृत्तिवेतन मिळणार आहे. जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियामार्गे बुडापेस्टपर्यंत डॅन्यूब नदीकाठाने सपत्नीक सायकलने जाण्याची आपली इच्छा आहे आणि एका सहल कंपनीने दोघांचे, विमान प्रवासासह, 7 लाख रुपये सांगितले आहेत. पुढच्या मे महिन्याच्या सुटीत जावे की निवृत्तीनंतर, आणि हे पैसे मुदत ठेव मोडून, म्युच्युअल फंडातून की वैयक्तिक कर्जातून उभे करावेत, असे आपण विचारले आहे.

प्रथम स्पष्टच सांगतो : ही सफर आपल्या ऐपतीत बसते आणि ती फार लांबणीवर टाकू नये. ज्याला दरमहा निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता मिळणार आहे, ज्याच्या मुलाचे शिक्षण झाले आहे आणि गृहकर्जाचे जेमतेम 2 लाख उरले आहेत, त्याने उमेदीत असताना एवढा खर्च करणे मला उधळपट्टी वाटत नाही. वैयक्तिक कर्ज मात्र अजिबात नको. जो खर्च वर्षभर थांबून स्वतःच्या पैशांनी करता येतो, त्यासाठी निवृत्तीच्या उंबरठ्यावर व्याज भरण्याचे काहीही कारण नाही.

मे महिन्यापेक्षा सप्टेंबर मला अधिक योग्य वाटतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडील सुटीची गर्दी असल्याने तिकिटे महागतात, व्हिसाच्या भेटीची वेळ मिळणे अवघड होते, आणि निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात सेवापुस्तक व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पूर्ण करून घेण्यासाठी आपण गावात असणे आवश्यक आहे. सप्टेंबरमध्ये तिकडे ऊन सौम्य असते आणि उन्हाळी सुटीची गर्दी ओसरलेली असते. अर्थात नदी कोणत्याही महिन्याची हमी देत नाही. जून 2013 मध्ये पासाऊ शहर महापुरात बुडाले होते आणि सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नाभोवतीच्या लोअर ऑस्ट्रिया प्रांतात अतिवृष्टीने हाहाकार उडाला होता. म्हणून मुक्कामाची प्रत्येक खोली विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्यावी, मग ती थोडी महाग पडली तरी चालेल.

आता 7 लाखांच्या प्रस्तावाबद्दल. हा मार्ग युरोव्हेलो 6 या अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या सायकल मार्गाचा भाग आहे आणि त्यातील पासाऊ ते व्हिएन्ना हा सुमारे 320 किलोमीटरचा टप्पा युरोपातील सर्वांत रुळलेल्या सायकल वाटांपैकी एक आहे. वाट बहुतांशी सपाट आणि प्रवाहाच्या दिशेने आहे, वारा बहुधा पश्चिमेकडून म्हणजे पाठीमागून येतो आणि ठिकठिकाणी दिशादर्शक पाट्या आहेत. वाटेतील लिंझ शहरापासून पुढे रेल्वेही फारशी दूर नसल्याने थकवा आला तर सायकलीसह गाडीत बसता येते. सायकली तिथेच भाड्याने मिळतात, आणि पासाऊला घेतलेली सायकल व्हिएन्नाला परत देण्याची सोयही मिळते. अशा वाटेवर मार्गदर्शकासाठी इतके पैसे मोजण्याची गरज मला दिसत नाही.

आपल्या पत्नीचा गुडघा दुखतो असे आपण लिहिले आहे. पत्रातील हीच ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. व्हिएन्नाच्या पुढे बुडापेस्टपर्यंत आणखी सुमारे 300 किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि त्या भागात वाट काही ठिकाणी वाहत्या रस्त्याला येऊन मिळते. म्हणून व्हिएन्नापर्यंतच सायकल चालवावी, मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा निसर्गरम्य पट्टा हवा तर बोटीने करावा आणि बुडापेस्टला रेल्वेने जावे, असे सुचवतो. पत्नीसाठी विजेवर चालणारी सायकल घ्यावी. तिचे भाडे जास्त असते, पण ती रक्कम वाचवू नये.

युरोचा भाव 110 रुपये धरून मी अंदाज केला. दोघांची राहणी आणि जेवण रोजचे 170 युरो, याप्रमाणे 11 रात्रींचे सुमारे 2 लाख 5 हजार, सायकलींचे 35 हजार, विमानाचे 1 लाख 40 हजार, आणि व्हिसा, विमा व रेल्वे मिळून 40 हजार रुपये होतात. वर थोडी राखीव रक्कम धरली तरी 4 लाख 60 हजारांत हे बसते. पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएसही, म्हणजे कंपनी पैसे घेतानाच वसूल करते तो आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. 2025-26 या आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंतच्या परदेशी पॅकेजवर तो 5 टक्के होता, म्हणजे आपल्या बाबतीत 35 हजार रुपये झाले असते. हा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पैसे भरताना चालू दर विचारावा. हा कर विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही, पण तोवर पैसे अडकून राहतात. तिकीट एकीकडून आणि खोल्या दुसरीकडून स्वतः घेतल्या तर ते पॅकेज ठरत नाही.

निधीची व्यवस्था अशी करावी. आजपासून निवृत्तीपर्यंत बारा महिने दरमहा 20 हजारांचे आवर्ती ठेव खाते चालवावे. त्यातून 2 लाख 40 हजार होतील. उरलेले 2 लाख 20 हजार इक्विटी फंडातून काढावेत, पण एकदम नव्हे : निम्मे 31 मार्चपूर्वी आणि निम्मे 1 एप्रिलनंतर. वर्षाहून जुन्या युनिट्सवर एका आर्थिक वर्षातील 1 लाख 25 हजारांपर्यंतच्या नफ्याला सध्या कर नाही, त्यामुळे कराचा बोजा पडणार नाही. शिवाय ऐन तिकिटाच्या वेळी बाजार कोसळला तरी अर्धी रक्कम हातात असेल. मुदत ठेव अडीअडचणीची आहे, तिला हात लावू नये. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेणे) यांच्या रकमेवरही या खर्चाची भिस्त ठेवू नये, कारण ती मिळण्यास विलंब होऊ शकतो. ती आली की गृहकर्ज फेडावे.

व्हिसासाठी अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा, कारण सर्वाधिक रात्री तिथे जाणार आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान 30 हजार युरोंचा लागतो. गुडघ्याचे दुखणे त्यात लपवू नये, आणि सायकलवरील अपघात त्यात धरला आहे का हे लेखी विचारून घ्यावे. पासाऊ आणि लिंझ यांच्या मधल्या श्लोगेनच्या वळणावर डाव्या काठाची वाट तुटते आणि लहान होडीने पुढे जावे लागते. अशा ठिकाणांसाठी सुटे युरो जवळ असावेत. यंत्रावर कार्ड लावताना रक्कम रुपयांत घेऊ का असे विचारल्यास नकार देऊन युरोच निवडावा. हंगेरीत फोरिंट चालतो, त्यामुळे युरो भरलेले फॉरेक्स कार्ड तिथे वापरल्यास चलन बदलाचा अधिकचा आकार पडू शकतो, तो बँकेला आधीच विचारावा.

इतके करूनही पॅकेजच घ्यावेसे वाटले, तर व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे कंपनीकडून लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये.