उतरताना आकडा बोलून दाखव

अरे, सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळाबाहेर उभा राहून विमानं बघणारा पोरगा आता स्वतः कॉकपिटात बसणार, याचा मला फार आनंद आहे. पण एक गोष्ट आत्ताच मनात पक्की कर. उतरताना उंची सहज चुकते.

१२ नोव्हेंबर १९९६ची हरियाणातल्या चरखी दादरीची दोन विमानांची आकाशातली टक्कर नीट अभ्यास. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते त्याच्याही खाली आलं. समोरून येणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांची परवानगी होती. ३४९ माणसं गेली. मला तो आकडा आजही सहज उच्चारता येत नाही.

दुसरा सापळा अल्टिमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राचा. वर त्यावर १०१३ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) लावलेलं असतं, खाली येताना स्थानिक दाब लावायचा. समज, उन्हाळ्यात इथला दाब १००३ आहे आणि तू बदलायला विसरलास. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट, म्हणजे काटा दाखवतो त्यापेक्षा तू जवळजवळ तीनशे फूट खाली असशील. शिवाय सोलापूरची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच, हेही हिशेबात धर.

म्हणून जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने दिलेली उंची मोठ्याने परत बोल, ती पॅनेलवर लाव आणि शेजारच्याला बोटाने दाखव. त्या उंचीला हजार फूट उरले की पुन्हा बोल. कॅप्टन कितीही ज्येष्ठ असो, आकडा जुळला नाही तर "सर, आपली उंची तपासू" असं लगेच म्हण. तेव्हा भीड धरू नकोस, बाळा.