चित्रकलेचा तास परत मागून घ्या

सांगोला तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा आठवीत आहे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मिक्सर, सायकलची चेन, विहिरीवरची मोटर काढत बसतो. शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, त्यांचा तास आता गणिताला जातो. ‘चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवू का? वडील म्हणतात, चित्रं काढून पोट भरत नाही.’

ताई, जरूर बसवा. एलिमेंटरी झाली की त्यापुढची इंटरमिजिएट परीक्षा. तिच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. बरेच पालक तेवढ्यासाठीच विचारायला येतात, पण माझ्या लेखी हा सगळ्यात लहान फायदा आहे. स्थिरचित्राच्या पेपरला समोर तांब्या ठेवलेला असतो. त्याचं तोंड गोल असतं हे ठाऊक असल्यामुळे मुलं गोलच काढतात. बसल्या जागेवरून ते चपटं, लांबट दिसतं, आणि ते तसं दिसायला लागायला कित्येक महिने जातात. ही नजर पुढे यंत्र काढणाऱ्यालाही लागते आणि घराचा नकाशा काढणाऱ्यालाही. शिवाय भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतोच.

फॉर्म शाळेमार्फत भरायचा असतो, म्हणून मुख्याध्यापकांना भेटा, पण एकट्या जाऊ नका. पाच-सहा पालक मिळून लेखी अर्ज द्या आणि चित्रकलेचा तासही मागा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, हवा. अर्जात हे नमूद करा. मुलांच्या हक्काचा तास गणिताला देऊन टाकणं मला अजिबात पटत नाही, गणित कितीही महत्त्वाचं असलं तरी.

आता वडिलांच्या काळजीचं. ती खोटी नाही. पण तुमचा मुलगा देखावे काढत नाही, वस्तू कशी जुळवलीय ते काढतोय. बारावीनंतर कुठल्याही शाखेच्या मुलाला आयआयटी मुंबईमार्फत होणारी यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, जाता येतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा असते. चित्रकलेतच रमला, तर बी.एफ.ए. या कलेच्या पदवीसाठी 1857 पासूनचं मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय आहे. आर्किटेक्चरला मात्र गणित लागतं. तेव्हा गणित सोडू देऊ नका, फक्त मागच्या पानांवरून रागावू नका.

त्याला एक जाड ड्रॉइंग वही आणि टूबी पेन्सिल आणून द्या. पुढच्या वेळी मोटर दुरुस्तीला उघडली की वडिलांनी त्याला शेजारी बसवावं आणि आतलं काय काय दिसतंय ते काढायला सांगावं.