निळं फूल दिसलं म्हणून जलपर्णी नव्हे

प्रश्न : आमच्याकडे भातखाचराच्या कडेला, पाणी साचून राहतं तिथे, सप्टेंबरात निळ्या-जांभळ्या फुलांची रोपं येतात. पानं चकचकीत, बदामी आकाराची. सगळे तिला जलपर्णी म्हणतात आणि दिसेल तिथे उपटतात. ती जलपर्णीच आहे का?
– एक वाचक, घोटी

उत्तर : वर्णनावरून ही मोनोकोरिया व्हजायनालिस वाटते. ती आपल्याकडची, मूळची इथलीच. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली. दोघी एकाच कुळातल्या, त्यामुळे गल्लत होते.

आधी मूळ बघा. मोनोकोरिया चिखलात रुजलेली असते. जलपर्णी पाण्यावर तरंगते, खाली पिसांसारख्या काळपट मुळांचा झुबका लोंबतो. जलपर्णीच्या देठाला फुगाही असतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. दाटीत वाढलेल्या जलपर्णीचे देठ लांब, सडपातळ होतात, फुगा उरतच नाही. पाणी ओसरलं की ती चिखलातही मुळं धरते. चूक होते ती इथेच.

म्हणून खरा निवाडा फुलावर. जलपर्णीचा तुरा पानांच्या वर ताठ उभा राहतो, फूल सुमारे 5 सेंटिमीटरचं, आणि वरच्या पाकळीवर गडद निळ्या कडेचा पिवळा ठिपका. मोनोकोरियाचा घोस पानाच्या देठाच्या कुशीतूनच फुटल्यासारखा दिसतो, पानाच्या बऱ्याच खाली. फूल जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, दहा रुपयांच्या नाण्याखाली सहज झाकेल असं. पिवळा ठिपका नाही. भिंग असेल तर आत डोकवा : सहा पुंकेसरांपैकी पाचांचे परागकोश पिवळे, सहावा मोठा आणि निळा. हे एकदा पाहिलं की पुन्हा शंका येत नाही.

पानांवरून मात्र ओळखू नका. कोवळ्या मोनोकोरियाची पानं गवतासारखी अरुंद, मग भाल्यासारखी, शेवटी बदामी. एकाच खाचरात तिन्ही सापडतात.

फोटो पाठवायचा तर चार काढा : अख्खं रोप, घोस फुटतो ती जागा, फूल समोरून आणि मूळ. शेजारी नाणं ठेवा.

भातात मोनोकोरिया तणच, निंदणीत काढावीच लागते. पण ओढ्याकाठी, तळ्याकाठी राहू द्या. नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळीत जलपर्णी काढायला जाणाऱ्यांनी तर आधी हा फरक शिकून घ्यावा. काढलेली जलपर्णी काठावर टाकू नका. तुटका धुमाराही पाण्यात पडला की पुन्हा वाढतो.

प्रश्न : ही मोनोकोरिया घरी टबात लावता येईल?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : येईल. निंदणीत निघालेलीच रोपं घ्या, तळ्यातली उपटू नका. टबात चार-पाच इंच काळी माती, वर दोन इंच पाणी, भरपूर ऊन. पाण्यात डासांच्या अळ्या होतात, त्यासाठी गप्पी मासे सोडा. टबातलं पाणी किंवा मासे नदी-नाल्यात मात्र ओतू नका.