मावशीचं काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर मी नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. माझी मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. सत्तरच्या दशकात ती अमेरिकेत आली, लॅब टेक्निशियन होती, लग्न केलं नाही, आणि मी इथे शिकायला आले ते तिच्याच घरी राहिले. इथे हेल्थ फ्रीडम म्हणून चळवळ आहे, म्हणजे आपल्या शरीरावर कुठला उपचार करायचा, कुठलं औषध किंवा सप्लिमेंट घ्यायचं हे आपणच ठरवणार, सरकार किंवा डॉक्टर नाही, त्या चळवळीत ती आयुष्यभर होती. याचं मूळ म्हणजे तरुणपणी एका हॉस्पिटलात तिचं गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं, शुद्धीवर आली तेव्हा कळलं की गर्भाशयच काढलंय, आणि तिला आधी कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

१९९३-९४ मध्ये तिच्या डायनिंग टेबलवर सिनेटरांना पाठवायच्या पत्रांचे गठ्ठे असायचे, मी पाकिटांवर तिकिटं चिकटवायचे. दुकानात बाटली हातात घेतली की ती आधी उलटी करायची, मागची बारीक अक्षरं वाचायची आणि मग पुढचं मोठं नाव. मी आज फार्मसिस्ट आहे ती या सवयीमुळेच.

पण तिने शेजारच्या काकूंना बीपीच्या गोळ्या बंद करून लसणाच्या कॅप्सूल घ्यायला लावल्या होत्या, आणि पुढे काकूंना स्ट्रोक झाला. त्या आजही काठी घेऊन चालतात. मावशी त्याबद्दल एक शब्द कधी बोलली नाही. माझ्या मुलाला लसी दिल्या म्हणून ती कितीतरी महिने आमच्याकडे आली नव्हती. आता तिच्या चळवळीतली मंडळी स्मरणिका काढतायत, मला लेख मागितलाय, आणि तिचं काम तूच पुढे ने असा आग्रहही आहे. माझा भाऊ म्हणतो, ती हेकट होती, काही लिहू नकोस. आणि तिचं कपाट भरून सप्लिमेंटच्या बाटल्या आहेत, त्या मैत्रिणींना आठवण म्हणून हव्यात. मी काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ त्या ऑपरेशनपाशीच थांबले. स्मरणिकेतला लेखही तिथूनच सुरू व्हावा असं मला वाटतं, कारण बाकी सगळं त्यातून आलंय आणि बहुतेक तुमच्या भावाला ते नीट माहीतही नसेल. माणूस हेकट का होतो ते कळलं की हेकटपणा कमी होत नाही, पण निदान त्याच्याकडे बघायची नजर तरी बदलते.

मावशींच्या बाबतीत घडलं तेच न्यूयॉर्कमध्ये मेरी श्लोंडॉर्फ नावाच्या बाईंच्या बाबतीत त्यांच्या कितीतरी आधी घडलं होतं. त्यांनी फक्त भूल देऊन तपासायला होकार दिला होता, ऑपरेशन नको म्हणून सांगितलं होतं, तरी डॉक्टरांनी गाठ काढली. १९१४ मध्ये त्या केसचा निकाल देताना न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझोंनी लिहिलं की सज्ञान आणि सुदृढ मनाच्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क आहे. आज जगभर मेडिकलची पोरं ते वाक्य शिकतात. पण केस त्या बाई हरल्या, हॉस्पिटल धर्मादाय आहे म्हणून सुटलं. तत्त्व कागदावर आलं आणि बाईंच्या हाती काहीच लागलं नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं बायकांना, गरिबांना, काळ्या लोकांना असंच न विचारता गृहीत धरलं गेलं. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत बसले, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा दिलं नाही, आणि हे सरकारी आरोग्य खात्यानेच केलं. मावशी अमेरिकेत आल्या तेव्हा हे प्रकरण पेपरात येऊन फार काळ लोटला नव्हता. आता अशा वेळी स्वतःचं गर्भाशय न विचारता काढलं गेलेली एक परदेशी, एकटी बाई सरकारवर आणि डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही म्हणाली, तर मी तरी तिला हेकट म्हणणार नाही.

आता ती पत्रं. तुम्ही तिकिटं लावत होता ती लढाई खरी होती आणि मावशींची बाजू त्यात जिंकली. त्याआधी १९७६ मध्येच व्हिटॅमिनची गोळी नुसती जास्त ताकदीची आहे एवढ्यावरून तिच्यावर मर्यादा घालायची नाही असं काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एफडीएला, म्हणजे अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, बजावलं होतं. मग १९८९ मध्ये एल-ट्रिप्टोफॅन या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या सप्लिमेंटच्या दूषित मालामुळे पंधराशेच्या वर लोक आजारी पडले, काही दगावले, एफडीए कडक व्हायला लागलं, आणि तेव्हा लोक चिडून उठले की आमच्या गोळ्या काढून घेतायत. ऑक्टोबर १९९४ मध्ये क्लिंटननी सही केलेला सप्लिमेंटचा कायदा त्यातून आला, सिनेटमध्ये ऑरिन हॅच आणि टॉम हार्किन असे दोन वेगवेगळ्या पक्षांचे लोक त्यामागे होते. तुम्ही फार्मसिस्ट आहात, तुम्हाला हे पाठ असेल, तरी लिहिते कारण इतर वाचकांना कळायला हवं. या कायद्याने लोकांना निवड मिळाली, आणि १९९९ पासून बाटलीवर जो घटकांचा चौकोन छापावा लागतो तोही यातूनच आला. म्हणजे ज्या बारीक अक्षरांवर तुमचं करिअर उभं राहिलं त्यात तुम्ही चिकटवलेल्या तिकिटांचाही वाटा आहे, हे लेखात अभिमानाने लिहा.

पण त्याच कायद्याने असंही झालं की माल बाजारात आणायच्या आधी तो सुरक्षित आहे, गुण देतो, हे कंपनीने एफडीएला सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही, धोका सिद्ध करायचं ओझं उलट एफडीएवर. एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्यांचं काय झालं बघा. वजन कमी करायला लोक घ्यायचे, हार्ट अटॅकच्या, स्ट्रोकच्या तक्रारी येत राहिल्या, २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा स्टीव्ह बेक्लर हा तरुण पिचर सरावात कोसळून गेला, आणि बंदी आली २००४ मध्ये. गंभीर त्रासाची तक्रार आली तर कंपनीने ती कळवलीच पाहिजे हा नियमसुद्धा २००६ च्या कायद्याने आला. स्वतः ठरवायचा हक्क हवा असेल तर ठरवण्यापुरती खरी माहिती आधी हातात यायला हवी ना! मावशींना त्या हॉस्पिटलने नेमकी तीच दिली नव्हती.

आणि म्हणूनच काकूंची गोष्ट मला जास्त लागली. गोळी घ्यायची की नाही हे काकूंनी ठरवायचं, बरोबर, पण गोळी बंद केली तर काय होऊ शकतं हे त्यांना कोणी सांगितलं होतं का? लसणाच्या कॅप्सूलने प्रेशर उतरलं तर थोडंसं उतरतं, काही गोळ्या अचानक सोडल्या तर प्रेशर उसळून वर जातं, हे कळलं असतं तर काकूंनी कदाचित वेगळं ठरवलं असतं. मावशींना डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि काकूंना मावशींनी पूर्ण सांगितलं नाही. तुम्हाला हे मनातून माहीत आहे म्हणून तर पत्र लिहिलंत. गंमत नाही, चळवळीचे स्वतःचे कायदेसुद्धा हेच म्हणतात. मिनेसोटाने २००० मध्ये लायसन्स नसलेल्या पर्यायी उपचारकांना मोकळीक देणारा कायदा केला, हेल्थ फ्रीडमवाले आजही त्याचा दाखला देतात, आणि त्यातच लिहिलंय की अशा उपचारकाने रोगाचं निदान करायचं नाही आणि डॉक्टरांनी दिलेला उपचार बंद करा असंही सांगायचं नाही. हे वाक्य तुम्ही मंडळींसमोर ठेवू शकता, त्यांना ते बाहेरच्याने मारलेला टोमणा वाटणार नाही.

लसींबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या माणसाने स्वतःपुरतं काही नाकारणं वेगळं, आणि बारा महिन्यांच्या आतलं बाळ, ज्याला गोवराची लस अजून मिळालेलीच नाही, ते आजूबाजूच्यांच्या लसीवर अवलंबून असणं वेगळं. १९०२ मध्ये जेकबसन नावाच्या पाद्रींनी देवीची लस नाकारली, पाच डॉलर दंड झाला, आणि १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दंड कायम ठेवला तो याच कारणासाठी, की एकाचं स्वातंत्र्य सगळ्यांच्या जिवावर बेतता कामा नये. तुमच्या मुलासाठी ठरवायचा हक्क तुमचा होता, मावशींच्याच हिशेबाने तुमचा होता, आणि तुम्ही तो वापरलात. त्यांचा राग मला समजतो, पण त्याचं ओझं तुम्ही घेऊन फिरू नका.

मग लेखात काय लिहायचं? ऑपरेशन लिहा, पत्रं लिहा, बाटली उलटी करणं लिहा, तुम्हाला घरात ठेवून शिकवलं ते लिहा. मतभेद होते हेही लिहा, एका परिच्छेदात, साध्या शब्दांत, आम्ही लसींवर भांडलो आणि मी माझ्या मुलाला लसी दिल्या एवढं पुरे. गेलेल्या माणसाबद्दल फक्त चांगलं बोलायची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य आहे तेराव्यापर्यंत. स्मरणिका वर्षानुवर्षं लोकांच्या घरात पडून असते, उद्या ती वाचून कोणीतरी बीपीची गोळी सोडेल, त्याचा विचार करावाच लागतो.

काकूंबद्दल लिहायच्या आधी मात्र त्यांना जाऊन भेटा आणि विचारा. आजार त्यांचा आहे, तो छापून यावा की नाही हे त्यांनी सांगायचं. त्या नको म्हणाल्या तर नाव सोडा, प्रसंगसुद्धा घालू नका, फक्त डॉक्टरांशी बोलल्याशिवाय चालू औषध बंद करू नका एवढं तुमच्या सहीने, फार्मसिस्ट म्हणून लिहा. मला आपलं वाटतं की काकूंना तुम्ही आलेलं बरं वाटेल, इतक्या वर्षांत त्या घरातून कोणी विचारायला आलं नसेल.

काम पुढे न्यायचं म्हणाल तर सगळं उचलायची गरज नाही आणि सगळं नाकारायचीही नाही. रुग्णाला आपले रेकॉर्ड मागता येतात, १९९६ च्या कायद्याखाली आलेल्या नियमांनी २००३ पासून तो हक्क दिलाय, २०२१ पासून तर डॉक्टरांच्या नोट्सही ऑनलाइन विनाविलंब बघता यायला हव्यात, पण आपल्या वयस्कर मंडळींना हे माहीतच नसतं, माहीत असलं तरी लॉगिन जमत नाही आणि मुलांना विचारायचा संकोच वाटतो. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म इंग्रजीत पुढे आला की सही करून मोकळे होतात. खरं तर इंग्रजी अडत असेल तर हॉस्पिटलने दुभाषी द्यायचा असतो, तोही फुकट. महिन्यातून एखाद्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये बसून तुम्ही लोकांना फॉर्म समजावून सांगितलेत, कुठली गोळी कशासाठी ते सांगितलंत, काय प्रश्न विचारायचे ते कागदावर लिहून दिलंत, तर तेही मावशींचंच काम आहे. चळवळीच्या मंडळींना हे पुरेसं वाटणार नाही कदाचित. नाही वाटलं तर नाही.

राहिल्या बाटल्या. देऊ नका, एकही नाही. त्यात सेंट जॉन्स वर्ट, म्हणजे मन उदास असलं की घेतात ती वनस्पती, नक्की असणार, आणि मैत्रिणींच्या वयात कोणी ना कोणी वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर असणार, त्या वनस्पतीने या गोळीचा असर कमी होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांना सांगताना फार्मसिस्टचा आवाज लावू नका, सरळ म्हणा की तुम्ही कोण कुठल्या औषधावर आहात मला माहीत नाही आणि मावशी आता विचारायला नाही, म्हणून मला देता येत नाही. बाटल्या रिकाम्या करून गोळ्या वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवून बंद पिशवीतून कचऱ्यात टाकता येतात, किंवा तुमच्याच फार्मसीत परतीचा डबा असेल तर तिथे चालतात का बघा. आठवण म्हणून त्या पत्रांच्या प्रती काढून द्या, कार्बन कॉपी ठेवल्या असतील तर. प्रत्येकीने त्यातल्या कुठल्या ना कुठल्या पत्रावर सही केली असेलच.