दुसरं गाणं सुचत नाही म्हणून मुलगा आळशी ठरत नाही

पत्र : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्सला. आमच्या फाट्यावर न थांबणाऱ्या एसटीवर त्याने गेल्या वर्षी मराठीत रॅप केलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, बीट, म्हणजे मागे वाजणारं तयार संगीत, यूट्यूबवरून फुकट मिळाली. गाणं सगळीकडे वाजलं, पेपरात फोटो आला, गणपतीत मंडळांनी बोलावून सत्कार केले. आता पतसंस्थेतून ६ लाखांचं कर्ज काढून दुसऱ्या गाण्याचा मोठा व्हिडिओ करायचा विचार आहे. कॉलेज बंद करून १७ नंबरचा फॉर्म भरू आणि आर्ट्समधून बारावी उरकू. मुंबईच्या एका कंपनीने करार पाठवलाय. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही मुलाखतीत सांगतो की पोरगा उपाशीपोटी पत्र्याच्या खोलीत वाढला. तसं काही नाही, पण लोकांना भावतं. अडचण एकच आहे. चार महिने झाले, त्याला दुसरं गाणं सुचत नाही. रात्र रात्र जागतो, जेवत नाही, मित्रांत मिसळत नाही. आळशी झालाय. आमच्या वेळी रॅप गाणारा बाबा सहगल एका ‘ठंडा ठंडा पानी’वर आयुष्यभर चालला. माझ्या मुलालाही तशी दिशा मिळावी, मार्गदर्शन करा.

उत्तर : सर, नमस्कार. करार, कर्ज आणि फॉर्म यांकडे मी नंतर येते. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता जे लिहिलंत, ते मला सगळ्यात गंभीर वाटतं. आळशी मुलगा जेवतो, झोपतो, संध्याकाळी पारावर मित्रांत बसतो. तुमचा मुलगा यातलं काहीच करत नाही, आणि तेही चार महिने. पत्रावरून मी निदान करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्या. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर त्याला द्या आणि तुम्हीही एकदा फोन करा. वर्गातला एखादा मुलगा असा गप्प झाला असता, तर तुम्ही त्याच्या घरी जाऊन आला असता. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र तुम्ही ‘आळशी’ म्हणून मोकळे झालात. हे मला लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिलं गाणं कसं आलं ते आठवून पाहा. तो फाट्यावर उभा राहायचा, एसटी समोरून निघून जायची, पहिला तास बुडायचा. त्याच्या पोटात राग होता आणि हातात मोबाइल होता. त्याच्याकडून कुणी काही मागत नव्हतं. गाणं पडलं असतं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आज तो वही उघडतो तेव्हा समोर काय असतं? पतसंस्थेचे हप्ते, कंपनीचा करार, बंद होऊ घातलेलं कॉलेज आणि रोज सकाळी ‘काही सुचलं का?’ असं विचारणारे वडील. अजून न लिहिलेल्या गाण्याच्या भरवशावर तुम्ही ६ लाख उचलायला निघालात आणि ते फेडायचं ओझं १७ वर्षांच्या पोरावर आहे. हे तुम्ही त्याला बोलून दाखवलं नसेल. पण घरात कर्जाची बोलणी चालतात तेव्हा मुलांना सगळं ऐकू येतं.

आता बाबा सहगल. ‘एका गाण्यावर आयुष्यभर चालला’ हे तुमचं म्हणणं खरं नाही. हा लखनौचा माणूस पंतनगरच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि मग गाण्यात आला. १९९२ च्या ‘ठंडा ठंडा पानी’च्या आधी त्याचे अल्बम येऊन गेले होते. नंतर ‘रोजा’च्या हिंदी आवृत्तीत त्याने ‘रुक्मणी रुक्मणी’ गायलं, तेलुगू सिनेमांसाठी गायलं, २००६ मध्ये ‘बिग बॉस’च्या पहिल्या पर्वात दिसला आणि पुढे यूट्यूबवर खाण्यापिण्याची गमतीदार गाणी करत राहिला. तुमच्या लक्षात एक गाणं राहिलं, पण त्याच्या खात्यावर तीस वर्षांचं काम आहे.

‘ठंडा ठंडा पानी’ ज्याच्यावरून बेतलं, त्या गाण्याची हकीकत तुमच्या मुलाच्या परिस्थितीला जास्त जवळची आहे. अमेरिकेतल्या डॅलसचा रॉबर्ट व्हॅन विंकल, रंगमंचावरचं नाव व्हॅनिला आइस. ‘आइस आइस बेबी’ त्याने १६ व्या वर्षी लिहिलं असं सांगितलं जातं, म्हणजे तुमच्या मुलाएवढा असताना. ते आधी दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. एका डीजेने रेकॉर्ड उलटी करून वाजवली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. रॅपमधलं कुठलंच गाणं त्याआधी तिथवर पोहोचलं नव्हतं. अल्बम सलग सोळा आठवडे पहिला राहिला. पुढच्याच वर्षी त्याला नायक करून काढलेला सिनेमा साफ पडला. १९९४ चा अल्बमही चालला नाही आणि त्याच वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनातून तो मरता मरता वाचला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. एवढ्या मोठ्या यशानंतर ‘आता पुढचं काढ’ असा तगादा माणसाला कुठवर नेतो, ते तुमच्या डोळ्यांसमोर असावं एवढ्यासाठीच.

तो त्यातून बाहेर कसा आला, यात मला जास्त रस आहे. गाण्याच्या पैशांतून त्याने तरुणपणीच घरं विकत घेतली होती. ती विकताना नफा होतो हे लक्षात आल्यावर तो फ्लोरिडात जुनी घरं घेऊन, दुरुस्त करून विकायच्या धंद्यात उतरला आणि तो धंदा नीट शिकला. २०१० पासून याच कामावर त्याचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि अनेक पर्वं चालला. नव्वदच्या दशकातल्या गाण्यांच्या मैफलींत तो आजही ते एक गाणं म्हणतो आणि लोक आनंदाने ऐकतात. त्याला दुसरं ‘आइस आइस बेबी’ कधीच जमलं नाही, तरीही त्याचं आयुष्य वाया गेलं नाही. तुमच्या मुलाला ही गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायची गरज आहे. दुसरं गाणं आलं नाही तरी घरात त्याची जागा तीच राहील, हे त्याला कुणी सांगितलंय का?

आणि ते उपाशीपोटी, पत्र्याची खोली! ते आजपासून बंद करा. व्हॅनिला आइसबद्दलही तो मायामीच्या गुंडगिरीच्या वस्तीत वाढल्याची माहिती पसरवली गेली होती. डॅलसच्या एका वर्तमानपत्राने १९९० मध्येच खरं काय ते छापलं. तो बराचसा डॅलसच्या उपनगरात वाढला होता. त्यानंतर त्याची टिंगल झाली ती कायमची, आणि गाण्यातलं खरं होतं तेही लोकांना खोटं वाटू लागलं. रॅप ऐकणारा माणूस सगळ्यात आधी ‘हा स्वतःचं बोलतोय का?’ हे पाहतो. तुमच्या मुलाचं गाणं चाललं, कारण फाटा खरा होता आणि न थांबणारी एसटी खरी होती. शिक्षकाच्या घरातला मुलगा एसटीसाठी तिष्ठतो यात लपवण्यासारखं काहीच नाही. उलट त्याच्याच तोंडून खोटं वदवून तुम्ही त्याला स्वतःच्या आयुष्यावर लिहिणं अवघड करून ठेवलंय. लिहायला बसला की त्याने कुठलं घर आठवायचं, खरं की मुलाखतीतलं? गाणं न सुचण्याचं एक कारण इथेही असू शकेल.

‘बीट फुकट मिळाली’ हा गैरसमज मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये असतो. यूट्यूबवर ‘फ्री बीट’ लिहिलेलं असतं, त्याखाली बारीक अक्षरांत बहुधा ‘फक्त विनानफा वापरासाठी’ असं असतं. म्हणजे सराव करा, गाऊन दाखवा, पण त्यावर पैसे कमवायचे तर परवाना विकत घ्या. परवान्याचेही प्रकार आहेत. भाड्याचा परवाना स्वस्त असतो, पण तीच बीट आणखी शंभर जणांना दिलेली असू शकते आणि किती वेळा वाजवायची यावर मर्यादा असते. एकट्यासाठीचा परवाना महाग पडतो. परवाना नसेल तर यूट्यूबची यंत्रणा बीट ओळखते आणि बीटचा मालक जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो किंवा गाणं उतरवायला लावू शकतो. ‘आइस आइस बेबी’मध्येही हेच झालं. त्यातली बेस गिटारची धून क्वीन हा ब्रिटिश बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’मधली होती, तीही श्रेय न देता घेतलेली. अखेर पैसे देऊन तडजोड करावी लागली आणि त्यांची नावं लेखकांमध्ये घालावी लागली. मुलाचे शब्द मात्र त्याचेच आहेत. लिहिले त्या क्षणी त्यांचा कॉपीराइट त्याचा झाला, त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही. पण शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि तुमच्या हातात आज नक्की काय आहे हे तुम्हालाच ठाऊक नाही. आधी बीट बनवणाऱ्याला ईमेल करा, परवाना घ्या आणि पावती जपून ठेवा. ६ लाखांच्या व्हिडिओपेक्षा हे फार स्वस्त काम आहे.

करारावर सही करू नका. मुलगा १८ चा नाही, म्हणून त्याने स्वतः केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही. कंपनीला तुमची सही हवी आहे ती यासाठीच, आणि सही केलीत तर जबाबदारी तुमच्या अंगावर येऊ शकते. कॉपीराइटची कामं पाहणाऱ्या वकिलाला कागद दाखवा आणि काही गोष्टी मुद्दाम विचारा. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी मागितलेत? करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहिलं असेल तर थांबा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापराबद्दल मिळणाऱ्या पैशांतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. ‘सर्व रॉयल्टी कंपनीची’ असं कलम दिसलं तर समोरचा माणूस कसा आहे ते तिथेच कळेल. पुढची गाणीही आत्ताच बांधून घेतलीत का, आणि ती आली नाहीत तर दंड कोणी भरायचा, हेही पाहा. न सुचणाऱ्या मुलाच्या मानगुटीवर असं कलम बसवू नका. कंपनीला खरंच तो हवा असेल तर ती तो १८ चा होईपर्यंत थांबेल.

कर्ज काढू नका. यावर मला वेगळं काही म्हणायचं नाही.

बारावीबद्दल थोडक्यात. कॉलेज बंद करू नका, सायन्समधूनच परीक्षा देऊ द्या, सीईटी द्यायची की नाही ते त्याला ठरवू द्या आणि टक्क्यांचा आग्रह यंदा सोडा. १७ नंबरचा फॉर्म ज्यांना वर्गात बसणं शक्य नाही त्यांच्यासाठी मोलाचा आहे. तुमच्या मुलाला वर्गाची, मित्रांची, त्या न थांबणाऱ्या एसटीचीही गरज आहे. दिवसभर घरात, तुमच्या नजरेसमोर बसवून त्याला गाणं सुचणार नाही.

पुढे त्याला आवाजाच्या तंत्रात गोडी वाटली तर पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा-टीव्हीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत ध्वनीचा अभ्यासक्रम आहे, त्याला पदवी लागते. म्हणजे पदवी कुठलीही घ्या, पण घ्या. लोककलेकडे ओढा असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. आपल्याकडे पोवाडा आणि जलसा गाणाऱ्या शाहिरांनी डफावर जे केलं ते त्याने ऐकावं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. गावातल्या प्रश्नावर चालीत बोलायचं कसं, समोरच्या गर्दीला ओळ उचलायला लावायची कशी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हेही ‘गृहपाठ’ म्हणून त्याच्यापुढे ठेवू नका. एकदा सांगा आणि सोडून द्या. वाटल्यास तो स्वतःच जाईल.

बीटसुद्धा तो स्वतः बनवायला शिकू शकतो. मोबाइलवर आणि साध्या कॉम्प्युटरवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, काही फुकट आहेत. तो ते शिकला तर परवान्याचा प्रश्न मिटेल आणि शब्द सुचत नसतील त्या दिवशीही हाताला काम राहील. माझा अनुभव असा की शब्द अडलेल्या मुलांना आवाजाशी खेळायला बरं वाटतं, कारण तिथे लगेच कुणी टाळ्यांची वाट पाहत नसतं.

तर आधी डॉक्टर. मग त्याच्याशी बोला, गाण्याबद्दल एक शब्दही न काढता. कर्जाचा विचार सोडल्याचं त्याच्यासमोर सांगा, म्हणजे त्याला खात्री पटेल. मंडळांची यंदाची आमंत्रणं स्वीकारायची की नाही हे त्याला विचारा आणि तो ‘नको’ म्हणाला तर मंडळाला तुम्ही स्वतः कळवा. वकिलाने कागद पाहिले की त्यांचं म्हणणं मला लिहून पाठवा. मुलाला मला काही लिहायचं असेल तर त्याने वेगळं पत्र पाठवावं. त्याचं उत्तर मी त्यालाच देईन आणि त्यात काय होतं ते तुम्हाला सांगणार नाही.